पंप हाताशी हवा
नौकेच्या इंजिनावरील एका ब्रॅकेटसंबंधी विचार

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौका ही आता शेतावरील विहीर, नांगर आणि तेल-इंजिन यांच्या पंक्तीस येऊन बसली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि शेतावरचे इंजिन आणि नौकेवरचे इंजिन यांत एक मोठा भेद आहे. विहिरीवरील इंजिन बंद पडले तर पिकाची एक पाळी हुकते. शेतकरी सायकलवर बसून गावातल्या फिटरला बोलावून आणतो. भरसमुद्रात नौकेचे इंजिन बंद पडले म्हणजे मात्र नौका आणि तीवरील माणसे वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होतात. तेथे जो काही फिटर असेल तो नौकेवरचाच, आणि जी काही हत्यारे असतील ती तिच्याच पेटीतली.

यास्तव नौकेच्या इंजिनाची जी निगा समुद्रावर घेणे भाग पडते, ती घेण्याजोगी सोय इंजिनाच्या मांडणीतच असावयास हवी. ही सोय पुष्कळ नौकांवर नसते. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे समुद्राचे पाणी खेचणारा पंप आणि तो ज्यावर बसविलेला असतो तो लोखंडी ब्रॅकेट. पंपाची निगा वेळेवर राखली जात नाही, याचे खापर साधारणतः तांडेल व खलाशी यांच्या आळसावर फोडले जाते. वस्तुस्थिती अशी की, कित्येक ठिकाणी दोष माणसांचा नसून ब्रॅकेटचा असतो, आणि तो एका दिवसाच्या कामाने दूर होण्यासारखा असतो.

पंपाचे कार्य

नौकेवरील डिझेल इंजिन थंड ठेवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांपैकी एका प्रचलित पद्धतीत इंजिनाच्या पोटात गोडे पाणी फिरत राहते आणि ते गोडे पाणी थंड करण्यासाठी समुद्राचे खारे पाणी एका वेगळ्या पंपाने खेचून घेतले जाते. हे खारे पाणी नौकेच्या तळाजवळील झडपेतून आत येते, गाळणीतून पंपात जाते, तेथून शीतकाच्या नळ्यांमधून वाहते आणि शेवटी नौकेबाहेर पडते.

या पंपाच्या पोटात रबरी पात्यांचे एक चाक असते. त्यास इंपेलर म्हणतात. पंपाच्या घराची एक बाजू आतून किंचित फुगीर केलेली असते. फिरता फिरता पाती त्या फुगवट्यापाशी आली की वाकतात व त्यांच्यामधील पाणी बाहेर ढकलले जाते. फुगवटा ओलांडला की ती पुन्हा सरळ होतात व नवे पाणी आत ओढून घेतात. ही रचना साधी व भरवशाची आहे. परंतु तिचा सारा भार रबराच्या लवचीकपणावर आहे आणि रबराला वंगण मिळते ते केवळ पाण्याचेच. तळाची झडप उघडावयाची राहिली, अथवा खाडीच्या मुखाशी प्लॅस्टिकची पिशवी येऊन तोंडाला चिकटली, म्हणजे पंप कोरडा फिरू लागतो आणि थोड्याच वेळात पाती तापून फाटतात. फाटलेले तुकडे पुढे वाहत जाऊन शीतकाच्या तोंडाशी अडकतात. मग नवा इंपेलर बसविला तरी पाण्याचा प्रवाह पूर्ववत होत नाही, आणि कारण ध्यानात न आल्यास इंजिन पुन्हा तापते.

कोकणातील खाड्यांचे पाणी गाळाचे असते. वाळूच्या बारीक कणांनी पात्यांची टोके झिजतात, झाकणाच्या आतल्या अंगावर वर्तुळाकार चरे पडतात व पंपाची ओढ कमी होते. पंपाच्या दांड्यावरील सील झिजले म्हणजे पंपाच्या अंगावरील लहान छिद्रातून खारे पाणी ठिबकू लागते. ती गळती ही पंपाने आगाऊ दिलेली सूचनाच होय. ती वेळेवर दिसली तर काम एका सीलवर भागते. न दिसली तर बेअरिंग जाते आणि खाली ठिबकणाऱ्या पाण्याने ब्रॅकेटही गंजून पोखरला जातो.

याखेरीज आपल्या किनाऱ्यास लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. राज्यात यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी मासेमारीबंदी असते. या दोन महिन्यांत इंजिन उभे असते आणि पंपातील काही पाती एकाच स्थितीत वाकून पडलेली असतात. रबर त्या वाकलेल्या आकारातच ताठरते. ऑगस्टच्या आरंभी इंजिन सुरू होताच अशी पाती तुटण्याचा संभव अधिक. म्हणून नौका शाकारतेवेळी इंपेलर काढून ठेवणे व हंगामाच्या आरंभी तपासून पुन्हा बसविणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. याचा अर्थ असा की, काही बिघाड नसला तरी हा पंप वर्षातून निदान दोनदा उघडावाच लागतो. आणि हंगामात मध्येच तपासणी करावयाची झाल्यास त्याहून अधिक वेळा.

अडचण कोठे आहे

जे यंत्र वारंवार उघडावयाचे ते उघडण्यास सोपे असावे, हे उघड आहे. प्रत्यक्षात काय आढळते? पट्ट्यावर चालणारा पंप एका जाड पट्टीच्या अथवा कोनाच्या ब्रॅकेटवर इंजिनाच्या कडेस बसविलेला असतो. जागा वाचविण्यासाठी तो इंजिनाच्या अंगास इतका लगटून घेतात की, त्याचे झाकण इंजिनाकडे किंवा नौकेच्या फळ्यांकडे तोंड करून राहते. झाकणाचे स्क्रू डोळ्यांना दिसत नाहीत; ते बोटांनी चाचपून सोडवावे लागतात. पंप सबंध उतरवावा म्हटले तर त्याचे बोल्ट पुढून व नट मागून. मागच्या नटावर पाना धरावयास एक हात, पुढचा बोल्ट फिरवावयास दुसरा हात, आणि त्या अरुंद जागेत दोन्ही हात एकदम जात नाहीत. वरच्या बाजूस डायनामो, खालच्या बाजूस सांडपाणी. एक स्क्रू निसटला की तो तळाच्या काळ्या पाण्यात जातो व सापडत नाही.

बंदरात, उजेडात, थंड इंजिनावर हे काम कसेबसे होते. रात्री, हेलकावे खाणाऱ्या नौकेत, तापलेल्या इंजिनाशेजारी पालथे पडून ते करणे म्हणजे हात भाजून घेणे होय. ज्या कामास इतके सायास पडतात ते माणूस पुढे ढकलतो, यात नवल नाही. ‘पंप पाणी टाकतो आहे ना, मग कशाला उघडावयाचा’ हा विचार आळसाचा वाटला तरी तो अडचणीतून जन्मलेला असतो. पुढे ढकललेले काम मग पंपच एक दिवस करावयास लावतो, आणि तो दिवस व ती जागा तांडेलाच्या निवडीची नसते.

त्या दिवशी काय पणास लागते याचा हिशेब मच्छीमार बांधवांना सांगावयास नको. डिझेल भरलेले असते, बर्फ वितळत असतो, खलाशांचे पगार वा वाटे ठरलेले असतात, जाळी पाण्यात असतात. इंजिन तापलेले ध्यानात येऊनही ते तसेच रेटले, तर सिलिंडरच्या डोक्याचे गॅस्केट जाते किंवा डोकेच वाकते आणि एका रबरी चाकाची किंमत सबंध इंजिनाच्या दुरुस्तीने मोजावी लागते. इंजिन थांबविले, आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असला, तर नौका खडकाकडे सरकू लागते. अशा वेळी पंप पंधरा मिनिटांत उघडतो की दोन तासांत, हा प्रश्न सोयीचा उरत नाही; तो जीविताचा होतो.

ब्रॅकेटमध्ये करावयाचे फेरफार

यावर उपाय म्हणून नवे इंजिन नको की महाग पंपही नको. ब्रॅकेटमध्ये पुढील फेरफार केले असता बहुतेक अडचण नाहीशी होते. बंदरावरील कोणत्याही चांगल्या वेल्डिंगच्या दुकानात ते होऊ शकतात.

पहिली गोष्ट म्हणजे पंपाचे तोंड. शक्य तेथे ब्रॅकेटची मांडणी अशी बदलावी की, पंपाचे झाकण माणसाला वावरावयास जागा असलेल्या बाजूस येईल. पंप उलटा फिरवून बसविल्यास त्याच्या दांड्याची फिरण्याची दिशा पंपाच्या दृष्टीने उलटते व पाणी घेण्याचे आणि सोडण्याचे तोंड यांची अदलाबदल होते. म्हणून अशा वेळी दोन्ही रबरी नळ्याही अदलून जोडाव्या लागतात. हे न केल्यास पंप पाणी ओढीत नाही व पहिल्याच चाचणीत इंपेलर जळतो. विशिष्ट पंपास दोन्ही दिशांनी फिरणे चालते की नाही, हेही त्याच्या माहितीपत्रकावरून आधी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट नटांची. ब्रॅकेटच्या मागील अंगास नट वेल्ड करून कायमचे बसवावेत, अथवा पट्टी पुरेशी जाड असल्यास तिच्यातच आटे पाडावेत. मग मागून पाना धरण्याची गरज राहत नाही आणि एका हाताने, एका पान्याने बोल्ट सुटतो. सर्व फेरफारांत हा सर्वांत लहान व सर्वांत उपयोगी होय.

तिसरी गोष्ट छिद्रांची. बंद छिद्रांऐवजी एका बाजूस उघड्या असलेल्या खाचा ठेवल्या तर बोल्ट नुसते सैल करून पंप सरकवून बाहेर घेता येतो. बोल्ट सबंध काढून ते हरवण्याची भीती राहत नाही. मात्र पट्टा ज्या दिशेने पंपास ओढतो त्या दिशेस खाचेचे उघडे तोंड कदापि असू नये. तसे असल्यास बोल्ट सैल पडताच पट्टा पंपास ओढून बाहेर काढील. खाचेची बंद बाजू ओढीकडे व उघडी बाजू तिच्या विरुद्ध, हा नियम पाळावा.

चौथी गोष्ट जेथे पंपाचे तोंड फिरविणे शक्य नसेल तेथील. अशा ठिकाणी झाकणासमोरील ब्रॅकेटच्या भागात खिडकी कापून स्क्रूपर्यंत पाना पोहोचेल अशी वाट करावी. कापलेल्या खिडकीचे कोपरे गोल ठेवावेत. चौकोनी कोपऱ्यापासून तडा सुरू होतो. जेवढे लोखंड कापले तेवढे बळ दुसरीकडे आडवी पट्टी वेल्ड करून भरून काढावे.

याबरोबरच झाकणाच्या बारीक स्क्रूंऐवजी हाताने फिरवता येतील असे खरबरीत डोक्याचे, त्याच आट्यांचे स्क्रू वापरता येतात. ब्रॅकेटखाली कडा वळवलेली पत्र्याची एक लहान परात अडकविल्यास पडलेला स्क्रू सापडतो व पंपाची गळतीही चटकन नजरेस येते.

काही पंप पट्ट्यावर न चालता इंजिनाच्या दातेरी चक्रावर थेट बसविलेले असतात. तेथे असा ब्रॅकेट नसतो व वरील उपाय लागू पडत नाही. अशा नौकांवर पंपाच्या वाटेत येणाऱ्या नळ्या, तारा वा डायनामो यांचे आधार हलविता येतात काय, हे पाहावे. अशा पंपाच्या सीलकडे तर अधिकच लक्ष हवे. कारण बिघडलेल्या सीलमधून पाणी इंजिनाच्या तेलात शिरण्याचा धोका असतो. तेल दुधट दिसू लागले तर इंजिन चालवू नये.

घ्यावयाची खबरदारी

ब्रॅकेट हा दिसावयास साधा असला तरी त्याचे काम साधे नाही. तो पंपाचा भार वाहतो, पट्ट्याची ओढ सोसतो, इंजिनाचा कंप रात्रंदिवस झेलतो आणि दोन पुल्या एका रेषेत राखतो. म्हणून मूळ ब्रॅकेटवर करवत चालवू नये. पुठ्ठ्याचा नमुना कापून, जागेवर लावून पाहून, त्याबरहुकूम नवा ब्रॅकेट करावा आणि मूळचा जपून ठेवावा. नव्यासाठी मूळच्यापेक्षा पातळ लोखंड वापरू नये. मूळ ब्रॅकेट बिडाचा असल्यास त्यावर साधे वेल्डिंग टिकत नाही, हेही ध्यानात असावे.

वेल्डिंग किनाऱ्यावर, दुकानात करावे. तेलकट इंजिनखोलीत करू नये. तेथे आगीचा धोका तर असतोच, शिवाय विजेच्या वेल्डिंगमुळे डायनामो व इतर विद्युत उपकरणेही जळू शकतात. नवा ब्रॅकेट बसविल्यावर दोन्ही पुल्यांच्या अंगास सरळ पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत याची खात्री करावी. रेष चुकली तर पट्टा कडेने झिजतो व पंपाचे बेअरिंग लवकर जाते. पट्ट्यावरील संरक्षक जाळी पुन्हा बसविण्यास विसरू नये. प्रत्येक नट व पट्टी यांवरून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी; नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पहिली चाचणी धक्क्यास बांधलेल्या नौकेवर, आधी मंद व मग पूर्ण वेगाने घ्यावी. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार पाहावी, ब्रॅकेटचा कंप पाहावा आणि पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

पंप उघडण्याचा क्रमही पाठ असावा. इंजिन बंद करावे, तळाची झडप बंद करावी, मगच झाकणास हात लावावा. हा पंप बहुधा पाण्याच्या पातळीखाली असतो. झडप उघडी राहिल्यास समुद्र आत येतो. जुना इंपेलर काढल्यावर त्याची पाती मोजावीत व तुटलेला प्रत्येक तुकडा शोधून काढावा. नवा बसविताना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावावे. खनिज तेलाचे ग्रीस काही रबरांस मानवत नाही. काम होताच झडप उघडावी व पाण्याची धार पाहूनच पुढे निघावे.

आक्षेपांचा विचार

अशा फेरफारांवर काही आक्षेप घेतले जातात व ते सर्वस्वी निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, कारखान्याने दिलेल्या इंजिनास हात लावल्यास त्याची हमी जाते. नव्या इंजिनाच्या बाबतीत हा विचार योग्य आहे. हमीची मुदत चालू असेतोवर विक्रेत्याची लेखी संमती घ्यावी, अथवा त्याच्याकडूनच फेरफार करून घ्यावेत. परंतु किनाऱ्यावरील कित्येक इंजिने हमीची मुदत केव्हाच ओलांडून गेलेली आहेत; त्यांस हा आक्षेप लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पंपाचे काम फिटरचे आहे, खलाशाने त्यात पडू नये. इंजिनाचे डोके उतरविणे हे फिटरचे काम खरे. परंतु इंपेलर बदलणे हे बैलगाडीच्या चाकास वंगण घालण्याइतकेच मालकाचे व गाडीवानाचे काम आहे. आणि समुद्रावर फिटर येत नाही, हे तर कोणीही नाकारणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावठी कारागिरीने केलेला ब्रॅकेट तुटला तर मूळच्या अडचणीहून मोठी अडचण ओढवेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाने मनास येईल तसे कापाकापी करणे इष्ट नव्हे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष ‘फेरफार करू नयेत’ असा नसून ‘फेरफार चांगल्या नमुन्याबरहुकूम करावेत’ असा आहे.

संस्थांनी काय करावे

येथेच हा प्रश्न एकट्या नौकामालकाचा राहत नाही. एकाच बंदरात एकाच प्रकारची इंजिने अनेक नौकांवर असतात. मच्छीमार सहकारी संस्थेने त्यांतील एका नौकेवर चांगल्या फिटरकडून नमुन्याचा ब्रॅकेट करवून, तो एक हंगाम वापरून पाहून, त्याचा पत्र्याचा साचा संस्थेत ठेवला, तर इतरांस तो साचा नेऊन तसाच ब्रॅकेट करून घेता येईल. चुका एकदाच होतील व त्या सर्वांच्या कामी येतील. संस्थेच्या भांडारात डिझेल व बर्फ यांबरोबर योग्य मापाचे इंपेलर, सील व गॅस्केटही मिळावयास हवेत.

नौका बांधणारे कारागीर व इंजिन बसविणारे यांनीही हे ध्यानी घ्यावे. इंजिन बसविताना वीतभर जागा पंपाच्या बाजूस अधिक सोडणे त्यांच्या हाती असते. पुढे तीच वीतभर जागा मिळविण्यासाठी मालकास ब्रॅकेट कापावा लागतो. इंजिनासाठी कर्ज वा अनुदान देताना त्याचे अश्वबळ व किंमत पाहिली जाते. पंप, गाळणी व तेलाचे फिल्टर या तीन गोष्टींस एका माणसाचा हात सुखाने पोहोचतो की नाही, एवढीच आणखी एक अट पाहणीत घातली, तर तीस खर्च काहीच नाही.

मासेमारीच्या यांत्रिकीकरणाच्या इतिहासातही याचा दाखला मिळतो. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात झालेल्या करारान्वये केरळ किनाऱ्यावर जो प्रकल्प उभा राहिला, त्यात केवळ इंजिनाच्या नौका दिल्या गेल्या नाहीत; नौकाबांधणी व बर्फाचे उत्पादन यांचीही व्यवस्था त्यातच होती. यंत्र एकटे येऊन भागत नाही, ते चालते ठेवण्याची व्यवस्था त्याच्याबरोबर यावी लागते, हा विचार त्यामागे होता. तोच विचार लहान प्रमाणावर प्रत्येक इंजिनखोलीत लागू करावयाचा आहे.

या कामास जून व जुलै हे महिने सर्वांत सोयीचे. नौका किनाऱ्यावर शाकारलेली असते, इंजिन थंड असते, माणसांस सवड असते. नौकामालकाने एके दिवशी इंजिनखोलीत उतरून, हाती एकच पाना घेऊन पंपाचे झाकण उघडून पाहावे. जेथे हात अडेल तेथे खडूने खूण करावी. ती खूण दाखवूनच नवा ब्रॅकेट करून घ्यावा आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करण्यापूर्वी प्रत्येक खलाशाकडून तो पंप एकदा उघडून व बसवून घ्यावा.